हलका हात

"आज से अंकल करेंगे," थेरपिस्ट शिवांगी म्हणाली आणि पलंगापासून बाजूला सरकली.

चंद्रकांत दारातच उभे राहिले. रेल्वेच्या पुलांना किती टन भार झेपेल हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि आता स्वतःच्या बायकोच्या हाताला हात लावायचा तर साहेबांना घाम फुटला होता. स्तनाच्या ऑपरेशननंतर पद्माचा डावा हात बोटांपर्यंत सुजायचा. ती सूज उतरवायला शिवांगी मानक नगरच्या या रेल्वे क्वार्टरमध्ये येत असे. सूज बरीच उतरली होती. आता पुढचं रोज घरच्यांनीच करायचं होतं.

"रहने दो, बेटा," पद्मा भिंतीकडे बघत म्हणाली. "इनसे नहीं होगा."

ती हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून नवरा हॉलमधल्या दिवाणावर झोपत होता. आपल्याकडे त्याला बघवत नाही, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. सुजेपेक्षा तेच तिला जास्त दुखत होतं.

चंद्रकांतांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग तिच्याजवळ बसले.

"पहले कंधे के पास. तेल नहीं, ज़ोर नहीं. बस चमड़ी को हल्के से ऊपर सरकाइए."

त्यांनी बोटं टेकवली. म्हणजे टेकवल्यासारखी केली.

शिवांगीला हसू आलं. "अंकल, छूना तो पड़ेगा."

"इनको दर्द हुआ तो?"

"आंटी से पूछिए ना."

त्यांनी विचारलं नाही. मान खाली घालून मराठीत म्हणाले, "झोपेत माझा हात तुझ्यावर पडतो ना नेहमी. टाक्यांवर पडला असता तर? म्हणून बाहेर झोपतो."

"अहो, टाके कधीच निघाले."

"हो. पण मला भीती वाटते, पद्मा."

"आणि मी इकडे काय काय समजून बसले होते," ती म्हणाली. तिला रडू आलं आणि त्यातच हसू. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

मग त्यांचा हात खरोखर टेकला. खांदा, कोपर, मनगट. घाई नव्हती, जोर नव्हता. पद्मा डोळे मिटून पडून राहिली.

"बहुत बढ़िया, अंकल. हो गया."

पद्माने उजवा हात नवऱ्यापुढे केला.

"आंटी, उसमें तो सूजन नहीं है."

"मालूम है, बेटा," पद्मा म्हणाली आणि हात तसाच त्यांच्यापुढे धरून ठेवला.