बारशाआधीचं नाव

बारसं उद्यावर आलं होतं, तरी साहेबांचा फोन आलाच. "मालनबाई, घरून करा, पण मयत गिरणी कामगारांची यादी आजच हवी."

करी रोडच्या त्या खोलीत मालनने लॅपटॉपवर मॅक्रो सुरू केला. एक बटण दाबलं की जुन्या यादीतलं नाव आपोआप नव्या अर्जात टाइप व्हायचं, मग मृत्यूची तारीख, मग पुढचं नाव. ती लेकीला पाजत बघत बसली.

"गो मालन, पोरीचं नाव काय ठरवलंस?" सासूने विचारलं.

"पाळण्यापाशीच कळेल, आई. अजून ह्यांनाही सांगितलं नाही."

पडद्यावर तुळशीदास आला, लवू आला. मग शर्वाणी.

तिने लेकीसाठी मनात ठरवलेलं, तेच नाव.

मालनने झटकन मॅक्रो बंद केला. तरी तारखेचा रकाना भरू लागला. दिवस आजचा, महिनाही आजचाच. वर्षाचा एकेक आकडा उमटत होता आणि मालनने लेकीला छातीशी आवळलं.