मोठी खिडकी

पत्रा पहिल्यांदा वाजला तेव्हा क्रांतीला वाटलं, माकडं आली. काठी घेऊन ती दाराकडे निघाली, तेवढ्यात चिमीची झोळी हातभर वर गेली आणि खाली आली. झोळी छताच्या पाईपला बांधलेली होती. वस्तीवर सगळेच तिथंच बांधतात. पोरगी आत गाढ झोपली होती.

पुढचं क्रांतीनं काही विचार करून केलं नाही. झोळीत हात घालून पोरगी ओढली आणि ती तशीच लोखंडी कॉटखाली शिरली. वर कडाडलं. दिवसाही दिवा लावावा लागायचा त्या घरात एकदम उजेड पडला. वाऱ्यानं पत्रे पाईपासकट उचलून नेले होते, झोळीही त्यांच्यासोबत गेली. पत्रे उडू नयेत म्हणून तिच्या नवऱ्यानं, धैर्यशीलनं, गेल्या सुट्टीत वर दगड ठेवले होते. ते मात्र इमानदारीनं घरातच पडले, एक शेगडीवर आणि दोन नेमके कॉटवर. मागोमाग गारा आल्या.

वादळ आलं तसं गेलं. पाटापलीकडच्या वस्तीवरनं बनुबाई ऊर बडवत पळत आली. क्रांतीचं छत तिच्या उसात जाऊन पडलं होतं आणि त्याला रिकामी झोळी लोंबत होती.

"पोरगी कुठाय गं? पोरगी कुठाय?"

क्रांतीनं चिमीला पुढं धरलं. बनुबाई मटकन चिखलातच बसली. आधी रडली, मग क्रांतीला चार शिव्या घातल्या आणि मग म्हणाली, "चल माज्याकडं. गोठा पडलाय, पर घर हाय. शिराळ्यापातूर खांब आडवं झाल्यात, लाइट काय आज येत न्हाई."

"तुमी व्हा म्होरं, मावशी. ह्यांचा फोन यायचाय."

"मग तिकडं बोल की."

"तुमच्यात रेंज न्हाई."

बनुबाईची गुरं मोकाट सुटली होती. उसातनं सोडून आणलेली ओली झोळी पिळून तिनं कॉटवर टाकली आणि ती आली तशी पळत गेली.

धैर्यशील फौजेत होता, उद्या सीमेवरच्या वरच्या चौकीवर चढणार होता. तिथं बर्फ होता, फोन नव्हता. आज बोलणं झालं की मग थेट गणपतीला. इथलं कळून त्याला तिथनं काही करता येणार नव्हतं, आणि हे सगळं डोक्यात घेऊन तो त्या कड्यावर चढला असता. तेव्हा सांगायचं नाही, एवढं क्रांतीनं पक्कं केलं. तोंड पुसलं, केस विंचरले, टिकली लावली. देवांच्या फोटोंची भिंत धड होती, तिला पाठ लावून ती चिमीला मांडीवर घेऊन बसली. वादळात तिला एकटं वाटायला सवड नव्हती. आता ती भरपूर मिळाली.

फोन वाजला. तिनं व्हिडिओ कॉल घेतला आणि फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला, म्हणजे मागं भिंतीशिवाय काही दिसू नये.

"काय करत्यात माजी माणसं?" धैर्यशील हसत होता. "आज तिकडं गारा पडल्या म्हनं. हितं एकजण सांगत हुता."

"जरा वारं सुटलं हुतं. गेलं."

"चिमी झोळीत न्हाई व्हय आज?"

"आत्ताच उठली."

तो तिच्याकडे बघत राहिला. "घरात उजेड लय दिसतुया गं."

दोन उन्हाळे तो म्हणत होता, सुट्टीवर आलो की ह्या अंधाऱ्या घराला एक खिडकी पाडतो.

"खिडकी पाडून घेतली," ती म्हणाली.

"मी यायच्या आत?"

"तुमी कवा येणार आन कवा पाडणार!"

"कोण गडी मिळाला?"

"हुता एक. लय जोराचा. एका दमात पाडून गेला."

तो हसला. तीही हसली. तेवढ्यात वरनं एक घार गेली. मांडीवरच्या चिमीनं मान मागं टाकली, बोट सरळ वर केलं आणि ओरडली, "काऊ! काऊ!"

क्रांतीनं तिचं बोट घाईनं खाली धरलं. पोरीनं ते सोडवलं आणि पुन्हा वर केलं.

धैर्यशीलचं हसू थांबलं. त्याच्या मागनं कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

"केवढी पाडलीस?" त्यानं विचारलं.

"मोठी हाय."

"बरं केलंस. पावसाच्या आत वरनं पत्रा टाकून घे."

"व्हय."

"आन क्रांती..." आता त्याचा आवाज अगदी खाली गेला. "आज निजणार कुठं दोघी?"

तिनं बोलायला तोंड उघडलं, पण तो पडद्यावरनं गेला होता. रेंज गेली की त्यानंच फोन ठेवला, ते कळलं नाही. पडद्यावर नुसती ती उरली होती. तिचा हात कधी कलला होता कुणास ठाऊक, तिच्या डोक्यामागं भिंत नव्हती, सगळं आभाळ होतं.