काफी झाली

"काफी झाली," नाथाजी भिंतीकडं बघत म्हणाला आणि त्यानं दोन कप भरले.

शालूबाईनं तव्यावरची नजर हलवली नाही. नवऱ्याचं पुढचं सगळं तिला पाठ होतं. एक कप तो पिणार. दुसरा समोरच्या रिकाम्या पाटापुढं मांडणार, घटकाभर त्याच्याकडं बघत बसणार आणि मग पटका उचलून मळ्यात जाणार. तो गार झालेला कप तिनं मोरीत ओतायचा. तीन महिने हेच चाललं होतं. आज मात्र तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधून दाराआड ठेवलं होतं. ह्या घरात ते काफीचं भांडं तरी राहील, नाहीतर ती तरी.

लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच नाथाजी पलटणीत गेला होता. पाच वर्षांनी, लढाई संपल्यावर, इटलीतनं मलकापूरला आला. ट्रंकेत एक कांबळं, दोन पदकं आणि हे आठ कोनांचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं. जर्मनशी लढायला गेला आणि जर्मनचंच भांडं घेऊन आला, म्हणून गाव हसून मोकळं झालं. भांडं होतंही चमत्कारिक. खाली पाणी, मधल्या चाळणीत काफीची पूड, वरचं घर रिकामं. विस्तवावर ठेवलं की पाणी खालनं वर चढायचं आणि काळीभोर काफी होऊन बसायचं. पाणी उलटं चढतंय म्हटल्यावर सासूनं, राहीबाईनं, पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं.

भांडं अंगवळणी पडायला वेळ गेला. सांगलीहून आणलेल्या भाजक्या बिया शालूबाईनं जात्यावर पिठासारख्या दळल्या. भांडं चोंदलं, शिट्टी मारून वाफ फेकायला लागलं आणि राहीबाई परसात पळाली. आठवडाभर घरातल्या भाकरीला काफीचा वास येत होता. मग बिया खलबत्त्यात जाडसर कुटायचं ठरलं. एकदा शालूबाईनं हौसेनं भांडं राखेनं घासून लख्ख केलं, तर काफीला धातूची चव उतरली आणि पहिल्याच घोटाला नाथाजीचं तोंड वाकडं झालं. दुसऱ्या दिवसापासनं भांडं तो स्वतःच नुसत्या पाण्यानं विसळायला लागला. बाईच्या हातनं घरातलं भांडं काढून घेतलं, हे तिला लई लागलं.

त्यात नदीवर शेजारच्या भामाबाईनं विचारलं, "कुणी दिलं गं ते?"

"एका बाईनं म्हणं. थंडीत तिच्या घरी ऱ्हायले हुते. सासूबाईंनी इचारलं तवा तेवढंच बोलले."

"मग झालं तर. परक्या गड्याला बाई भाकरी देती, भांडं न्हाई देत," भामाबाई म्हणाली आणि धुणं आपटायला लागली.

तेव्हापासनं तो दुसरा कप शालूबाईला डोळ्यांपुढं नकोसा झाला. विचारायचं तरी कधी? त्या घरात सासूपुढं सून नवऱ्याशी बोलत नसे, आणि सासू नाही अशी जागा त्या दोन खणांत नव्हती. बायांनी गडीमाणसांचं उरकल्यावर चुलीमागं बसून खायचं, ही रीत. नवऱ्याच्या समोर पाटावर बसलेली बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती.

तिनं तवा उतरवला. उठली, पाटापुढचा कप उचलला आणि नाथाजीच्या देखत, वाफा निघत असतानाच, मोरीत ओतला.

राहीबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"तिचा कप रोज म्या का म्हणून ओतायचा?" शालूबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "तिच्याकडंच जाऊन ऱ्हावा की. मी आटपाडीला जाते, माह्यारी."

"कुणाचा कप?"

"जिनं भांडं दिलं तिचा."

नाथाजी तिच्याकडं बघतच राहिला. "आगं, तिच्या तोंडात एक दात नव्हता. म्हातारा-म्हातारी रोज सकाळी समोरासमोर बसून पियाची. म्हातारा बाँबगोळ्यात गेला. तवा मला म्हणाली, घिऊन जा हे. दोघांचं भांडं हाय, एकट्यापुढं बरं दिसत न्हाई."

एवढं बोलून त्यानं आईकडं पाहिलं. कान लाल झाले. नजर पुन्हा भिंतीवर गेली.

राहीबाईनं सूप खाली ठेवलं.

"तुझा सासरा," ती सुनेला म्हणाली, "तीस वर्सं भिताडालाच सांगायचा. 'पाणी तापलं असंल.' 'बाजारात बांगड्या आल्यात.' आईपुढं बायकूचं नाव घ्यायचं न्हाई, मग काय करील? मला कळायला दोन वर्सं लागली. ह्यो त्याचाच ल्योक. तीन म्हयनं झालं तुला हाका मारतोय, आन् तू मोरीत ओततीयास."

शालूबाई रिकामा कप हातात धरून उभी राहिली. नव्वद कप. सगळे तिचे होते.

राहीबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "लाव आजून एकदा तुझं भांडं," ती लेकाला म्हणाली. "मी परसात हाय. शिट्टी मारतंय मेलं."

भांड्यानं शिट्टी मारायचं सोडून अडीच महिने झाले होते. ते तिघांनाही ठाऊक होतं.

नाथाजीनं खाली पाणी भरलं. पूड घातली. भांडं चुलीच्या वैलावर ठेवलं. पाणी वर चढल्याचा आवाज आला, तसा त्यानं रिकामा पाट हातानं पुसला आणि या वेळी भिंतीकडं पाहिलं नाही.

"शालू," तो म्हणाला, "काफी झाली."