पाठमोरी खुर्ची

बहिरेपणाचे खोटे दाखले देऊन सोयीची बदली घेणारे शिक्षक शोधायचं काम माझ्याकडे आहे. कान तपासायच्या मशिनला फसवता येतं, मला नाही. मी माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवतो आणि मागून, हलक्या आवाजात, त्याच्याच घरची वाईट बातमी सांगतो. खोटा बहिरा मान वळवतोच.

आज खुर्चीत सोनटक्के बाई होत्या. मुलाला आकडी येते, म्हणून त्यांनी या दाखल्यावर गावातलीच शाळा मिळवली होती. मी त्यांच्या मागे उभा राहून शिपायाला म्हणालो, "निवृत्ती, बाईंच्या घरून फोन होता. पोराला आकडी आली. गेला म्हणतात."

निवृत्तीचा चेहरा पांढरा पडला. बाई मात्र जराही हलल्या नाहीत.

मी समोर गेलो आणि 'दाखला खरा आहे, या तुम्ही' असं कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी हसून हात जोडले आणि जाताना दारही हळूच लोटलं.

"साहेब, आईला असलं खोटं सांगू नये," निवृत्ती म्हणाला. मी त्याला खिडकीपाशी बोलावलं.

खाली बाई अनवाणी फाटकाकडे धावत होत्या. फोन कानाला लावून ओरडत होत्या, "अहो, उचला ना! फोन उचला!"

"पळत जा, फोन लागायच्या आत त्यांना परत आण आणि त्याच खुर्चीत बसव," मी म्हणालो. "पोरगा बरा आहे, हे तू सांगायचं नाहीस. ते मी मागून सांगणार. बघू, आता तरी मान वळते का."