केंद्रामार्फतच

“त्या पेशी आजच्या आज जाळून टाक,” केंद्राचे संचालक म्हणाले. “आणि तोंडातून ब्र काढू नकोस.”

ती उभीच राहिली. याच माणसाच्या हाताखाली ती संशोधन शिकली होती. त्यांना ‘सर’ म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा. आज आला नाही.

“सर, फुफ्फुसाच्या म्हणून केंद्रानं वाटलेल्या पेशी यकृताच्या निघाल्यात. चाळीस प्रयोगशाळा इतकी वर्षं भलत्याच पेशींवर औषध तपासतायत. आणि पुढच्या महिन्यात ते माणसांना टोचायचंय!”

“तुझ्याकडेच भेसळ झाली असेल. पेढीतून नव्या घे.”

“घेतल्या. त्याही यकृताच्याच.”

पेशींची ती पेढी सरांची सून सांभाळायची. तिनं तरी काय करावं? कुपीवर जे लिहून आलं, ते तिनं पुढं वाटलं. चाळीस शहाण्यांपैकी एकानंही तपासून बघितलं नाही, कारण उरलेल्या एकोणचाळिसांनी बघितलंच असणार! शंका आली तरी विचारणार कुणाला? एका प्रयोगशाळेनं दुसरीला काही पाठवायचं तर ते केंद्रामार्फतच, असा नियम. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची, तर आधी दरबारात अर्ज करा.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी,” सर मऊ आवाजात म्हणाले. “उघडलीस तर पहिली तुझी प्रयोगशाळा बंद होईल.”

“होऊ दे. मूठ उघडून झालीय. परवाच सगळ्यांना थेट कळवलं, आपापल्या पेशी तपासा, जमत नसेल तर माझ्याकडे पाठवा.”

“थेट?” सर ताडकन उठले. “एक कुपी येणार नाही तुझ्याकडे. नोकरी कुणालाही जड झालेली नाही.”

ती घाबरली होती, खोटं कशाला बोला. सर म्हणतात तसं झालं, तर ती एकटीच खोटी ठरणार होती.

ती आपल्या प्रयोगशाळेत परतली, तर दारापासून भिंतीपर्यंत थर्माकोलचे डबे. फटींतून सुक्या बर्फाची वाफ निघत होती.

“सकाळपासून येतायत,” सहकारी वैतागून म्हणाला. “फ्रीझरमध्ये जागा उरली नाही. हा तर आत्ताच आला.”

तिनं वाकून त्यावरचा पत्ता वाचला. प्रेषक: केंद्राची पेढी. खाली सुनेनं हातानं लिहिलं होतं,

“मामंजींना विचारलेलं नाही.”