चार ओहमचा भार

ताई वारल्यानंतर धाकटी पहिल्यांदाच मंचावर एकटी वाजवणार होती. एरवी दोघींच्या गिटारी एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या असायच्या आणि आवाज स्पीकरच्या दोन खोक्यांतून यायचा. ताईचा खोका धाकटीने मुद्दामच घरी ठेवला होता. ओहम हे विजेच्या अडथळ्याचं माप; दोन खोके समांतर जोडले की तो निम्मा होऊन चार ओहमचा भार व्हायचा, एकट्याचा आठ. म्हणून तिने अ‍ॅम्प्लिफायरचं बटण चारावरून आठावर फिरवलं. पण सूर घुसमटायला लागले, अ‍ॅम्प्लिफायर तापला. साउंडवाल्या काकांनी खोक्याच्या वायरला मीटर लावला आणि डोळे बारीक करून आकडा पाहिला. "काय झालं, काका?" "चार दाखवतोय गं. दुसरा खोका कुठे जोडलायस?" "घरी आहे तो." काकांनी मीटर बदलून पाहिला. पुन्हा चारच. धाकटीने बटण चारावर आणलं. सूर मोकळे झाले. मग मंचावर मधोमध मांडलेली आपली खुर्ची बाजूला सरकवून तिने ताईपुरती जागा केली.