बदली शुल्क

कंपनी जेवढी वीज विकते, त्यातली ठरावीक वीज पवनचक्क्यांची असलीच पाहिजे, असा नियम होता. बोगुश नव्याने लागलेल्या यागोदाला काम समजावत होता.

"यंदाही आपण वारा विकत घ्यायचा नाही. त्याऐवजी बदली शुल्क भरायचं. स्वस्त पडतं."

"म्हणजे दंडच की."

"दंड चुकणाऱ्याला. शुल्क भरलं, की नियम पाळल्याचीच नोंद होते."

"पण वीज तर सगळी कोळशाचीच गेली."

"ते कोण बघायला येतंय?"

तेवढ्यात सुवाल्कीहून बोगुशच्या आईचा फोन आला. "शनिवारी सर्व संतांचा दिवस आहे. बाबांच्या थडग्यावर दिवे लावायला येतोयस ना?"

"कातोवित्सेहून तिकडे यायचं म्हणजे दोन दिवस मोडतात गं. एका माणसाला पैसे दिलेत. तो थडगं धुईल, शेवंती ठेवेल, आठ दिवे लावेल. फोटोसुद्धा पाठवतो."

"बरं," आई म्हणाली.

शनिवारी दुपारी फोटो आला. थडगं लख्ख, शेवंती ताजी, आठही दिवे पेटलेले. सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त बाजूच्या रिकाम्या बाकावर आईचा थर्मास होता, आणि दोन कप.

त्याने फोन लावला.

"नीट आलाय ना रे फोटो?" आईने विचारलं. "सकाळपासून बाकावरच बसले होते. म्हटलं, आलासच तर. मग तो माणूस म्हणाला, आजी, जरा उठता का, तुम्ही फोटोत येताय."